जुन्या मालिका एचडीत आणतात म्हणजे नेमकं काय करतात?

निळी शाई
शनिवार, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते आहे.

भाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा माझ्यासाठी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा अख्खा ब्लू-रे (एचडी तबकड्यांचा) संच घेऊन आला. सोबत तिच्यानंतरच्या, त्याच विश्वातल्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेच्या डीव्हीडी आणि कुठल्याही देशातल्या तबकड्या चालवणारा प्लेअर. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ 'स्टार ट्रेक' लागायचं, ते मी शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून बघितलेलं आहे. पुढे केबल आली तेव्हा 'नेक्स्ट जनरेशन' मिळेल तसं, मिळेल तेवढं बघितलं. त्यामुळे तो डबा हातात आल्यावर मला काय वाटलं असेल ते इथल्या मंडळींना सांगायला नको.

गेल्या शनिवारी लेकाला घेऊन बसले. आधी 'नेक्स्ट जनरेशन'चे दोन भाग. गणवेशाची वीण दिसते, कप्तान पिकार्डच्या कपाळावरची आठी दिसते, यानाच्या खिडक्या एकेक मोजून घ्याव्यात. मग त्याच टीव्हीवर 'डीप स्पेस नाइन' लावलं. चित्र मऊ, रंग एकमेकांत पाझरलेले, लांबचे चेहरे म्हणजे नुसते ठिपके. लेकाने विचारलं, "आई, ही नंतरची ना? मग हीच जुनी का दिसते?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पहिली मालिका १९८७ ते १९९४, दुसरी १९९३ ते १९९९. दोन्ही ३५ एमएम फिल्मवर चित्रित झाल्या. मग मी वाचायला घेतलं, आणि जे कळलं त्याने अक्षरशः दोन रात्री झोप आली नाही.

चित्रीकरण फिल्मवर झालं, पण पुढचं सगळं टेपवर. निगेटिव्ह धुतली, टेलिसिनेवरून (फिल्मचं टीव्हीचं चित्र करणारं यंत्र) तिची टेप केली, आणि संकलन, यानांची दृश्यं, श्रेयनामावली, सगळं त्या टेपवर, अमेरिकेतल्या ४८० ओळींच्या चित्रात. संकलनाप्रमाणे कापून जोडलेली निगेटिव्ह अशी कधी झालीच नाही. म्हणजे एकही भाग फिल्मवर 'पूर्ण' असा अस्तित्वात नव्हता. डब्यांमध्ये होते ते कच्चे तुकडे.

मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीने 'नेक्स्ट जनरेशन'साठी ते डबे उघडले. पंचवीस हजारांहून जास्त रिळं. जुना भाग समोर ठेवून प्रत्येक शॉटचा नेमका टेक शोधायचा, तो नव्याने स्कॅन करायचा, आणि भाग पुन्हा पहिल्यापासून जुळवायचा. एंटरप्राइझ यानाची लहान प्रतिकृती वेगवेगळ्या प्रकाशात अनेकदा चित्रित केली होती. ते थरही फिल्मवर होते, म्हणून तेसुद्धा नव्याने एकावर एक बसवले. जिथे मूळ दृश्य संगणकावर टीव्हीच्याच मापाचं केलेलं होतं (पहिल्या हंगामातला तो स्फटिकासारखा जीव आठवतोय का?) तिथे ते नव्याने घडवलं. पहिला हंगाम जुलै २०१२मध्ये आला, सातवा डिसेंबर २०१४मध्ये.

'डीप स्पेस नाइन'च्या वाट्याला हे आलं नाही. तिची रिळं अजून डब्यात आहेत.

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया लिहा. आणि मला खरं विचारायचं आहे ते हे, की आपल्या मालिकांचं काय? त्यांचे डबे आहेत का कुठे?

---

औंधकर
शनिवार, रात्री ११:१५

छान धागा. 'डीप स्पेस नाइन'चं उत्तर साधं आहे: 'नेक्स्ट जनरेशन'चे संच अपेक्षेइतके विकले गेले नाहीत. मेहनत अशी, की जणू मालिकेचं संकलन दुसऱ्यांदा करायचं, आणि बाजार असा, की २०१२पर्यंत लोक तबकड्या सोडून ऑनलाइन बघायला लागले होते. 'डीप स्पेस नाइन'मध्ये पुढच्या हंगामांत युद्धाची मोठमोठी दृश्यं संगणकावर झाली, ती सगळी नव्याने करावी लागणार. म्हणजे खर्च आणखी वाढणार.

चाहत्यांनी वर्गणी काढून त्या मालिकेवर 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड' हा माहितीपट केला, २०१९मध्ये आला. त्यात मूळ फिल्मवरून नव्याने केलेली काही मिनिटांची दृश्यं आहेत. बघा जमलं तर. डब्यात काय पडलंय ते कळतं.

---

निळी शाई
शनिवार, रात्री ११:३२

औंधकर, बघितली मी ती दृश्यं. 'डीप स्पेस नाइन'च्या नायकाचा, सिस्कोचा चेहरा बघून डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं आहे, शाबूत आहे, आणि तरी आपल्याला दिसत नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

---

तिसरी घंटा
रविवार, सकाळी ७:०५

मी मुंबईत टेप विभागात एकतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. लांबेल, सांभाळून घ्या.

एखादी मालिका पुढे कधी एचडीत येऊ शकेल की नाही, हे ती चित्रित झाली त्या दिवशीच ठरलेलं असतं. फिल्म म्हणजे रसायनाचे कण. त्यात ओळी नसतात. चांगल्या ३५ एमएम निगेटिव्हमधून आजच्या ४के टीव्हीला पुरेल इतका तपशील निघतो, १६ एमएममधूनही एचडीपुरता निघतो. टेपवर मात्र चित्र ओळींतच लिहिलं जातं. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, दिसणाऱ्या ओळी ५७६. डिजिटल केल्यावर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख ठिपके. एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. बरोबर पाचपट. टेपवरच्या एका ठिपक्यामागे उरलेले चार कुठून आणणार? ते कॅमेऱ्याने कधी पाहिलेच नाहीत.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण अमेरिकेतलंच आहे. 'आय लव्ह लूसी' ही विनोदी मालिका १९५१ची. तेव्हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे आणि दुसऱ्या किनाऱ्यावर दाखवायला टीव्हीच्या पडद्याचंच फिल्मवर चित्रण करायचे, अतिशय धूसर. तिचे प्रमुख कलाकार लूसील बॉल आणि देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं आणि पूर्वेकडच्या प्रेक्षकांना धूसर चित्रही द्यायचं नव्हतं. म्हणून प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेरे लावून, ३५ एमएमवर चित्रीकरण. कार्ल फ्रॉइंडसारखा कसलेला छायालेखक. वाढीव खर्चासाठी दोघांनी आपलं मानधन कमी केलं आणि बदल्यात फिल्मची मालकी घेतली. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीची ती मालिका आज ब्लू-रेवर लखलखीत दिसते, आणि तिच्यानंतर वीस-तीस वर्षांनी टेपवर झालेल्या मालिका दिसत नाहीत. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वर्ष बघायचं नाही, माध्यम बघायचं.

आता आपलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. रंग आला १९८२मध्ये. स्टुडिओतलं काम टेपवर. पुढे खासगी निर्मात्यांच्या मालिका आल्या, माझ्या हातून गेल्या त्या यू-मॅटिकवर, नंतर बीटावर, मग डिजिटल बीटावर, म्हणजे सगळ्या टेपच्याच जाती. फिल्मवर झालेल्या मालिका अगदी थोड्या. त्यामुळे निळी शाई, डबे नाहीत हो. टेपा आहेत, आणि त्याही सगळ्या नाहीत. टेप महाग होती. पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती, आपल्याकडेही होती. मी स्वतः नोकरीत पुसल्या आहेत. वरून यादी यायची, आम्ही मशीनला लावायचो. त्या यादीत काय काय होतं ते आज आठवलं की बेचैन होतो.

---

पारिजात
रविवार, सकाळी ९:४८

तिसरी घंटा काका, हे वाचून कसंतरी झालं. पण तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

मी सॅन होजेला असते, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेची जुनी चाहती. बीबीसीनेही १९७८पर्यंत टेपा पुसल्या. त्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत. जे सापडतात ते बहुतेक परदेशी केंद्रांना विकलेल्या फिल्म प्रतींमुळे. २०१३मध्ये नायजेरियातून एकदम नऊ भाग मिळाले तेव्हा इथे आम्ही मैत्रिणींनी रात्रभर जागून बघितले होते. धूसर, कृष्णधवल. कोणाला काही फरक पडला नाही.

त्याच मालिकेत काकांच्या मुद्द्याचा आणखी एक दाखला आहे. तेव्हाची ब्रिटिश पद्धत म्हणजे स्टुडिओतलं टेपवर आणि बाहेरचं १६ एमएमवर. १९७०च्या सुरुवातीला नवा डॉक्टर झालेल्या जॉन पर्टवीची पहिली कथा 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' करायची होती आणि बीबीसीच्या स्टुडिओत संप. मग अख्खी कथा बाहेर, १६ एमएमवर केली. त्या वेळी ती अडचण होती. पण जुन्या मालिकेतली तीच एक कथा आज खऱ्या एचडीत बघता येते, बाकी सगळ्या वाढवून दाखवलेल्या. एका संपामुळे!

---

घाटमाथा
रविवार, दुपारी १:२०

माहितीपूर्ण चर्चा. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. जुन्या मालिका चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. माझी आई ७८ वर्षांची आहे, तिला वाटतं टीव्ही बिघडलाय. एचडीत आणताना पडदाभर का करत नाहीत? 'फ्रेंड्स' केलंच ना? इतकी मेहनत घेतातच तर तेवढंही करावं. घरी बघणाऱ्याला पडदा भरलेला हवा असतो, हे मान्य करायला काय हरकत आहे?

---

तिसरी घंटा
रविवार, दुपारी २:१०

घाटमाथा, हरकत आहे आणि मोठी आहे. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर भरायचं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापावं लागतं. पाव! कोणाची टाळू, कोणाचे हात, टेबलावरचं पत्र. 'साइनफेल्ड' २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर असंच कापून आलं. त्यात रस्त्यातल्या खड्ड्यावर एक भाग आहे, आणि पात्रं ज्या खड्ड्याकडे बघून बोलतात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला.

दुसरा मार्ग म्हणजे निगेटिव्हच्या कडांना जादा चित्र असेल तर ते उघडायचं. 'फ्रेंड्स'मध्ये पुष्कळ ठिकाणी तसं केलं. पण कडा कोणी दाखवण्यासाठी सजवलेली नसते. 'बफी' या व्हॅम्पायरांच्या मालिकेच्या एचडी आवृत्तीत कडेला दिवे आणि चित्रीकरणातली माणसं दिसायला लागली. त्यातच रात्रीच्या प्रसंगांवर मूळ संकलनात चढवलेला निळसर रंग नव्या स्कॅनवर चढवायचा राहिला, आणि व्हॅम्पायर भर उन्हात फिरताहेत असं दिसू लागलं. 'नेक्स्ट जनरेशन'वाल्यांनी चौकोन तसाच ठेवला तो याच कारणासाठी.

---

घाटमाथा
रविवार, दुपारी २:४५

खड्ड्याचं माहीत नव्हतं. ते चुकीचंच आहे. पण 'द वायर'ही रुंद केली आणि ती मला आवडली. सरसकट नियम लावू नये असं अजूनही वाटतं.

---

पारिजात
रविवार, रात्री ८:३०

घाटमाथा, 'द वायर'बद्दल तुमचं म्हणणं निम्मं पटतं. २०१४मध्ये ती रुंद आवृत्ती आली तेव्हा तिचे कर्ते डेव्हिड सायमन यांनी स्वतः सविस्तर लिहिलं होतं की काही प्रसंग रुंद चौकटीत खुलले आणि काहींचा मूळ हेतू बिघडला. मुद्दा असा, की त्यांना विचारलं गेलं, ते कामात होते. बहुतेक वेळा विचारतच नाहीत. आणि मूळ चौकोनी प्रत बाजारातून नाहीशी होते, ते मला जास्त लागतं. दोन्ही ठेवा, ज्याला जे हवं ते बघू दे. मूळ 'स्टार ट्रेक'च्या ब्लू-रेत तसं आहे, जुनी यानदृश्यं की नवी, बटण दाबून निवडता येतं.

'बॅबिलॉन ५' या अंतराळ-मालिकेचा किस्सा तर याच्या उलट आहे. १९९३ची मालिका. पुढे रुंद टीव्ही येणार या विचाराने त्यांनी आधीच रुंद चौकटीत चित्रीकरण करून ठेवलं, पण यानांची संगणकी दृश्यं मात्र चौकोनी आणि साध्या दर्जाची. त्यामुळे रुंद डीव्हीडी काढली तेव्हा यानांची दृश्यं कापून फुगवावी लागली. शेवटी २०२१मध्ये चौकोनी आवृत्तीच पुन्हा नीट केली, माणसांची दृश्यं फिल्मवरून, यानांची वाढवून. २०२३च्या डिसेंबरात ब्लू-रे आला. मी तो पहिल्याच दिवशी घेतला. यान आलं की चित्र जरा मऊ होतं, माणूस आला की लख्ख. दोन-तीन भागांनंतर डोळा सरावतो.

---

औंधकर
रविवार, रात्री ९:०२

आणखी एक अडसर, ज्याचा चित्राशी संबंध नाही: गाणी. 'द वंडर इयर्स' १९९३मध्ये संपली आणि डीव्हीडीवर अधिकृतपणे पूर्ण मिळाली २०१४मध्ये. तिच्यात साठ-सत्तरच्या दशकांतली शेकडो गाणी आहेत. परवानगी घेतली होती ती प्रक्षेपणापुरती. आपल्याकडच्या जुन्या करारांत घरच्या प्रतींचा उल्लेख तरी असेल का? कलाकार, लेखक, संगीतकार, निर्माता. कित्येक निर्मिती संस्था आज अस्तित्वातच नसतील.

---

कोकणी मेवा
सोमवार, सकाळी ६:५०

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय. रत्नागिरीचा आहे.

आमच्या बाबांना नाटकांचं वेड. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी व्हीसीआर घेतला आणि दूरदर्शनवर लागणारी नाटकं, मालिका, मुलाखती रेकॉर्ड करायला लागले. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात तारीख, नाव, कलाकार. एकूण ६३ कॅसेटी. बाबा आता नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानात त्यातल्या अकरा कॅसेटी डीव्हीडी करायला दिल्या. मिळालं ते असं: चित्र आडवं ताणलेलं, सगळी पात्रं बुटकी आणि जाडी. हालचालीत एकावर एक दोन प्रतिमा दिसतात. चेहरे मेण फासल्यासारखे. दुकानदार म्हणाले, "एचडी करून दिलंय." त्यांनी त्यांच्या परीने चांगलंच केलं असणार, पण मला तो माणूस ओळखू येईना, ज्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

उरलेल्या बावन्न कॅसेटी कपाटात आहेत. दोन-तीनमध्ये कॅसेटच्या खिडकीतून पांढरं काहीतरी दिसतं. काय करू? त्यातलं काही बाहेर कुठेच नसेल अशी मला सारखी भीती वाटते.

---

तिसरी घंटा
सोमवार, सकाळी ७:३०

कोकणी मेवा, पहिलं काम: ज्यांत पांढरं दिसतंय त्या कॅसेटी कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. ती बुरशी आहे. एक कॅसेट लावली तर ती मशीनच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि नंतरच्या प्रत्येक कॅसेटला लागते. शिवाय टेपची कड चिकटलेली असेल तर फाटते. त्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. त्या आधी स्वच्छ कराव्या लागतात, जाणकाराकडूनच.

बाकीच्यांचं सविस्तर संध्याकाळी लिहितो. ते दुकानदार वाईट नव्हते, पण त्यांनी तीन गोष्टी केल्या ज्या कधीच करायच्या नसतात.

---

तिसरी घंटा
सोमवार, संध्याकाळी ६:४०

हं. आता सांगतो.

आपल्या टीव्हीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. आधी विषम ओळी, मग सम ओळी, आणि प्रत्येक अर्धं चित्र एका वेगळ्या क्षणाचं. तुमच्या दुकानदारांनी दोन अर्धी एकत्र कालवून २५ केली. म्हणून हात हलला की दोन हात दिसतात. नीट करायचं तर प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र करून सेकंदाला ५०च ठेवायची. मग स्टुडिओतल्या टेपचा तो जिवंतपणा टिकतो, नट समोर उभा आहे असं वाटतं. ऐंशी-नव्वदच्या आपल्या कार्यक्रमांचा जीव त्या पन्नासांत आहे. ओळी कमी होत्या, पण क्षण जास्त होते. ऑनलाइन चढवलेल्या जुन्या कार्यक्रमांत निम्मे क्षण फेकून दिलेले असतात, आणि लोक म्हणतात जुनं चित्र वाईट होतं. चित्र वाईट नव्हतं हो.

दुसरं, ताणणं. त्यावर वर बोलणं झालंच आहे.

तिसरं ते मेण. टेपवर बारीक खरखर असते. सॉफ्टवेअर ती पुसतं तेव्हा सुरकुत्याही पुसतं, आणि हल्ली तर त्या जागी स्वतःच्या मनाने नवा चेहरा काढतं. तो चेहरा कोणाचाच नसतो. तुम्हाला ओळख पटली नाही ती यामुळे.

म्हणून माझं म्हणणं, टेपवरच्या मालिकेला एचडीचा हट्ट धरू नका. तिच्यात आहे तेवढं सगळं, एकही क्षण न गाळता बाहेर काढा. तेच पुष्कळ असतं. चांगली बीटा टेप नीट चालवली तर मोठ्या टीव्हीवरही बघत राहावी अशी दिसते, माझा शब्द घ्या.

---

पारिजात
सोमवार, रात्री १०:१५

काका, एक शंका. यूट्यूबवर सेकंदाला ५० चित्रं फक्त ७२० ओळी आणि त्यावरच्या दर्जातच चालतात. ५७६ ओळींचं तसंच चढवलं तर ते २५च करतात. मग ती पन्नास टिकवायची तर चित्र मोठं करावंच लागतं ना? म्हणजे एका अर्थी टेपलाही एचडीच्या डब्यात घालावं लागतंय.

---

तिसरी घंटा
मंगळवार, सकाळी ६:५५

पारिजात, बरोबर. हे मला माहीत नव्हतं, आमच्या वेळी यूट्यूब नव्हतं. काल नातीकडून करून बघितलं. ७२० ओळींचं करून चढवलं तर हालचाल शाबूत राहते. मग तसं करायला माझी काही हरकत नाही. फक्त साधं मोठं करा, चौकोन ठेवा, चेहऱ्याला हात लावू नका, आणि मूळ प्रत ५७६ ओळींचीच जपा. 'एचडी' म्हणून मात्र विकू नका.

---

निळी शाई
मंगळवार, दुपारी ३:३०

हे सगळं वाचताना मला सारखा 'नेक्स्ट जनरेशन'मधला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग आठवतोय. डेटा हा यंत्रमानव कोणाच्या मालकीची वस्तू आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर खटला चालतो तो. त्या भागाची लांब, कात्री लागण्यापूर्वीची आवृत्ती लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांच्याकडे एका साध्या व्हीएचएस कॅसेटवर होती. दुसऱ्या हंगामाचा ब्लू-रे करताना ती कॅसेट समोर ठेवून, निगेटिव्हमधून राहिलेले प्रसंग शोधून, तब्बल ५७ मिनिटांचा भाग एचडीत पुन्हा उभा केला. ती कॅसेट नसती तर काय शोधायचं तेच कळलं नसतं.

कोकणी मेवा, म्हणून म्हणते, तुमच्या बाबांच्या त्या ६३ कॅसेटींना घरगुती म्हणू नका. त्यांची यादी करून इथे टाकाल का? फक्त पाठीवर जे लिहिलंय तेवढं.

---

घाटमाथा
मंगळवार, संध्याकाळी ७:१०

यादीला माझंही अनुमोदन. आणि एक सांगायचं होतं. लॉकडाऊनमध्ये, २८ मार्च २०२०पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा आईबरोबर मी रोज बसायचो. चौकोनीच होतं, मऊच होतं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, चित्र नीट लाव. दुसऱ्या दिवसापासून तिने पट्ट्यांचा विषय काढला नाही. परवा मी मुद्दा मांडला तेव्हा हे मला आठवलं नव्हतं. काल तिला पुन्हा लावून दिलं, आधी ताणून, मग चौकोनी. ताणलेलं बघून म्हणाली, "हे सगळे सुजल्यासारखे का दिसतायत?" माझं मत बदललं.

---

औंधकर
मंगळवार, रात्री ९:४५

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवात, 'वेव्हज' हे ऑनलाइन बघायचं व्यासपीठ सुरू केलं. 'रामायण', 'महाभारत', 'हम लोग' वगैरे तिथे आहेत. जुनं बाहेर काढायची इच्छा आहे हे चांगलंच. मराठीतलं जास्तीत जास्त यावं यासाठी मागणी आपणच करायला हवी. मुंबई दूरदर्शनच्या 'चिमणराव' मालिकेचे जेवढे भाग शिल्लक असतील तेवढे, एकत्र, न ताणता, न पुसता. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना त्या वयात बघणं म्हणजे काय, हे पुढच्या पिढीला सांगून कळणार नाही.

आणि घाई आहे. व्हीएचएसची मशीनं जगात कोणीच बनवत नाही, जपानच्या फुनाईने २०१६मध्ये शेवटचं बनवलं. युनेस्कोनेही २०१९मध्ये चुंबकीय टेपांबद्दल जगभर इशारा दिला होता, की टेप टिकली तरी ती वाजवणारं यंत्र आणि यंत्र जाणणारी माणसं उरणार नाहीत.

---

तिसरी घंटा
बुधवार, सकाळी ७:१५

आमच्या विभागातले आम्ही चौघं आहोत अजून. तिघांचे हात चालतात. कोकणी मेवा, माझ्या एका सहकाऱ्याकडे घरी चालू मशीन आहे, हेड चांगलं आहे. तुमच्या बिनबुरशीच्या कॅसेटी घेऊन या, पैसे नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बुरशीवाल्या कोणाकडून स्वच्छ करून घ्यायच्या तेही बघू.

एक विनंती, कुरिअरने पाठवू नका. स्वतः आणा.

---

कोकणी मेवा
रविवार, रात्री ११:०५

काल जाऊन आलो. रात्रीच्या गाडीने गेलो, बॅग मांडीवर ठेवली होती.

काकांनी आणि त्यांच्या मित्रांनी दिवसभरात पाच कॅसेटी केल्या. आधी हेड साफ, मग कॅसेट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, मग चालू. पहिल्या कॅसेटला मधेच चित्र फाटायला लागलं तेव्हा मी उठून उभाच राहिलो; त्यांनी ट्रॅकिंग अर्धा मिलिमीटर फिरवलं असेल, चित्र बसलं. तिसऱ्या कॅसेटवर एक नाटक आहे, दुसरा अंक सुरू झाला आणि दहा मिनिटांत चित्र गेलं. आमच्याकडे वीज गेली असणार. पुन्हा आलं तेव्हा तिसरा अंक अर्धा झालेला. मधलं गेलंच. पण जे आहे त्यात नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो. मला माहीत नव्हतं की तो आमच्या कॅसेटवर आहे.

अंकांच्या मध्ये बातम्यांचा तुकडा, दोन जाहिराती, आणि निवेदिका पुढचा कार्यक्रम सांगते. काकांचे मित्र म्हणाले, हे कापायचं नाही.

यादी करायला घेतली आहे, उद्या टाकतो. तिसरी घंटा काका, विचारायचं राहिलं, परत आणलेल्या कॅसेटी कपाटात उभ्या ठेवायच्या की आडव्या?

---

तिसरी घंटा
सोमवार, सकाळी ६:४०

उभ्या. पुस्तकासारख्या. पूर्ण मागे गुंडाळून, लोखंडी कपाटात असतील तर खाली लाकडी फळी टाकून, आणि पावसाळ्याआधी सिलिकाच्या पुड्या बदला. बाबांचं अक्षर दिसेल अशी पाठ बाहेर ठेवा.